लष्कराच्या भाकऱ्या आणि वर्तमानपत्राचा जमाखर्च

दरवर्षी ६ जानेवारीला आपल्याकडे पत्रकार दिन होतो. १८३२ साली ह्याच तारखेला मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' निघालं, म्हणून. तालुक्या-तालुक्याला शाल, श्रीफळ, हारतुरे आणि भाषणं. भाषणात एक वाक्य हमखास येतं: पत्रकारिता हे व्रत आहे, धंदा नव्हे. लहानपणापासून ऐकत आलोय. हल्ली मात्र ते ऐकलं की मनात एक आगाऊ प्रश्न येतो. व्रत ठीक आहे हो, पण कागदाचे पैसे कोण देतं?

प्रश्न पडायला निमित्त झालं ते अमेरिकेतल्या एका नव्या शिक्षणाबद्दल वाचण्याचं. तिकडे गेली पंधरा-वीस वर्षं गावातलं, शहरातलं बातमीपत्र चालवणाऱ्या लोकांना रीतसर धंदा शिकवला जातोय. बातमी कशी लिहावी हे नाही. वर्गणीदार कसे मिळवावे, ते टिकवावे कसे, देणगी कशी मागावी, महिन्याअखेर पगार कसे भागवावे हे. पत्रकारांना उद्योजक करण्याची शाळाच म्हणा ना. प्रथम वाचलं तेव्हा थोडं खटकलं. मग वाटलं, आपल्याकडच्या दोनशे वर्षांकडे ह्याच चष्म्यातून एकदा बघावं. बघितलं, आणि बरंच काही वेगळं दिसलं. तेच इथे मांडतोय.

सुरुवात दर्पणपासूनच करू. अर्धा मजकूर इंग्रजी, अर्धा मराठी. आधी पाक्षिक, मग काही महिन्यांतच साप्ताहिक. १८४० मध्ये ते बंद पडलं. त्या काळात बाळशास्त्रींचं पोट दर्पणवर चालत नव्हतं, ते एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. म्हणजे मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र एका मास्तरांच्या पगाराच्या सावलीत चाललं. गंमत बघा, दर्पण निघाल्यानंतर दीडेक वर्षात, ३ सप्टेंबर १८३३ ला, न्यूयॉर्कमध्ये बेंजामिन डे नावाच्या एका छापखानेवाल्याने 'द सन' काढला. किंमत एक सेंट. बाकीची वर्तमानपत्रं सहा सेंटांना होती. डे ह्यांचा हिशोब सरळ होता. किंमत कमी केली की खप वाढेल, खप वाढला की जाहिरातदार येतील, आणि तोटा जाहिरातदार भरून काढतील. पुढची पावणेदोनशे वर्षं जगभरची वर्तमानपत्रं ह्याच हिशोबावर जगली. आपल्याकडे व्रत सुरू झालं आणि तिकडे धंदा, असं म्हणायचा मोह होतो. पण ते तितकं सरळ नाही.

केसरीचंच घ्या. १८८१ च्या जानेवारीत मराठा आणि केसरी निघाले. पुढच्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणात बदनामीचा खटला झाला, टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहून आले. हे आपल्याला शाळेत शिकवतात. शाळेत शिकवत नाहीत ते हे, की पुढे १८९१ च्या सुमारास दोन्ही पत्रं टिळकांकडे आली ती कर्जासकट. संसार आणि पत्र दोन्ही चालवायला टिळकांनी वकिलीच्या परीक्षेचा क्लास काढला, आणि भागीदारीत लातूरला कापसाची जिनिंग फॅक्टरी घातली. 'लोकमान्य' हा शब्द ऐकल्यावर सरकी काढणारं यंत्र कुणाच्या डोळ्यापुढे येत नाही. पण केसरीच्या अग्रलेखांमागे ते यंत्रही होतं.

म्हणजे ह्या थोर मंडळींना व्यवहार कळत नव्हता असं अजिबात नाही. चांगला कळत होता. फक्त तो वर्तमानपत्राच्या बाहेर ठेवलेला होता. पत्र हे व्रत, आणि व्रताचा खर्च दुसरीकडून. मास्तरकी, क्लास, जिनिंग, नाहीतर एखादा उदार आश्रयदाता.

आता प्रश्न असा, की ज्याच्याकडे हे 'दुसरीकडून' नाही त्याने काय करायचं?

ह्याचं उत्तर बाबासाहेबांच्या पत्रांत सापडतं. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघालं. शाहू महाराजांनी २,५०० रुपयांची मदत केली होती. पत्राचा बोभाटा व्हावा म्हणून केसरीला जाहिरात पाठवली, पैसे द्यायची तयारी होती, तरी ती छापली गेली नाही. हे खुद्द बाबासाहेबांनी नंतर लिहून ठेवलंय. ते शिक्षणासाठी लंडनला गेले आणि १९२३ पर्यंत मूकनायक बंद पडलं. १९२७ च्या एप्रिलमध्ये 'बहिष्कृत भारत' आलं. संपादक, लेखक, व्यवस्थापक सगळं एकाच माणसाने बघायचं, रकानेच्या रकाने एकट्याने लिहायचे. १९२९ च्या अखेरीस तेही थांबलं. ज्यांच्यासाठी पत्र काढलं त्यांच्याकडे वर्गणीला पैसे नव्हते, आणि ज्यांच्याकडे पैसे होते त्यांना ते पत्र नको होतं. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायला आधी घरचं असावं लागतं!

मला वाटतं 'व्रत, धंदा नव्हे' ह्या वाक्यातली खोच इथे आहे. ते वाक्य ऐकायला त्यागाचं वाटतं, पण त्याचा एक अर्थ असाही होतो की ज्याला परवडतं त्यानेच बोलावं.

तिकडे अमेरिकेतही हा वाद झाला होता, आणि तो फार मजेदार आहे. जोसेफ पुलित्झर म्हणजे अस्सल धंदेवाला माणूस. १८७८ मध्ये त्याने सेंट लुईसमधलं डबघाईला आलेलं 'डिस्पॅच' लिलावात २,५०० डॉलरला घेतलं. (मूकनायकाच्या मदतीचा आकडाही २,५००. योगायोग.) १८८३ मध्ये न्यूयॉर्कचं 'वर्ल्ड' घेतलं आणि देशातल्या सर्वांत मोठ्या पत्रांमध्ये नेऊन बसवलं. ह्याच पुलित्झरने १९०३ मध्ये कोलंबिया विद्यापीठाला पत्रकारितेच्या शाळेसाठी वीस लाख डॉलर देऊ केले. तेव्हा हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट ह्यांनी एक अभ्यासक्रम सुचवला. त्यात बातमी होती, कायदा होता, नीती होती आणि त्याबरोबर वर्तमानपत्राच्या कचेरीचा कारभार, छपाई, जाहिरात, खप ह्यांचंही शिक्षण होतं. पुलित्झरने ते साफ नाकारलं. १९०४ च्या आपल्या लेखात त्याने बजावलं की माझ्या शाळेत धंदा शिकवायचा नाही, उलट शाळा धंदेवाईकपणाच्या विरोधातच असली पाहिजे. पुलित्झर १९११ मध्ये गेला, शाळा १९१२ मध्ये सुरू झाली.

आयुष्यभर ज्या विद्येवर तो जगला ती सोडून बाकी सगळं शिकवायला त्याने पैसे दिले. त्याची भीती खोटी नव्हती. जाहिरातदाराला सांभाळायला शिकलेला बातमीदार बातमी दाबायलाही शिकेल, ही ती भीती. पण परिणाम असा झाला की पुढच्या तीन-चार पिढ्या बातमीदार एका भिंतीच्या अलीकडे वाढले. भिंतीपलीकडे पैसे कुठून येतात हे विचारणंसुद्धा कमीपणाचं समजलं जाऊ लागलं. मिसुरीची शाळा त्याआधीच, १९०८ मध्ये, वॉल्टर विल्यम्स ह्यांनी काढली होती. तिथे पहिल्या दिवसापासून विद्यार्थी गावचं खरंखुरं वर्तमानपत्र काढायचे. पण कोलंबियाचा दिमाख मोठा, त्यामुळे भिंतीचीच फॅशन झाली.

ह्याच कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ बाबासाहेब शिकले. आणि नंतर तिथेच शिकले डॉ. नानासाहेब परुळेकर. दोघांनीही परत येऊन मराठीत पत्रं काढली. नानासाहेबांनी १ जानेवारी १९३२ ला पुण्यात 'सकाळ' सुरू केला. त्यांनी अमेरिकेतली वर्तमानपत्रं नुसती वाचली नव्हती, ती चालतात कशी हे बघितलं होतं. मोठमोठ्या अग्रलेखांपेक्षा बातमी महत्त्वाची, भाषा साधी, शहरातले रोजचे प्रश्न, गावोगावी नेमलेले बातमीदार, आणि नियमित जाहिरात. त्या काळच्या विद्वानांनी नाकं मुरडली असणारच. पण मराठीत वर्तमानपत्र हे स्वतःच्या पायावर उभं राहणारं काम असू शकतं, हे सकाळने दाखवून दिलं. १९७३ मध्ये नानासाहेब गेले, १९८५ मध्ये मालकी बदलली, पत्र राहिलं. आपल्या कितीतरी थोर पत्रांना संस्थापकानंतर वीस वर्षंही काढता आली नाहीत, हे लक्षात घेतलं तर ही गोष्ट लहान नाही.

आणि ह्याच सकाळमुळे वर्तमानपत्राचा जमाखर्च थेट सुप्रीम कोर्टात गेला. ही गोष्ट मला स्वतःला अलीकडेपर्यंत माहीत नव्हती, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

न्या. राजाध्यक्ष ह्यांच्या अध्यक्षतेखालच्या पहिल्या वृत्तपत्र आयोगाने १९५४ च्या अहवालात सुचवलं की मोठ्या पत्रांनी जास्त पानं स्वस्तात देऊन छोट्या पत्रांचा गळा घोटू नये, म्हणून पानं आणि किंमत ह्यांचं प्रमाण ठरवून द्यावं. १९५६ मध्ये तसा कायदा झाला, १९६० मध्ये आदेश निघाला. सकाळ त्यावेळी सात नव्या पैशांना मिळायचा. पाच दिवस सहा पानं, एक दिवस चार, म्हणजे आठवड्याला चौतीस. रविवारचा दहा पानांचा अंक वेगळा, बारा पैशांचा. खप रोज ५२,००० आणि रविवारी ५६,०००. साधारण ४० टक्के जागा जाहिरातींची. नव्या आदेशाप्रमाणे चौतीस पानं द्यायची तर किंमत आठ पैसे करा, सातच ठेवायची तर पानं चोवीस करा.

एका पैशाचा प्रश्न! पण कंपनी कोर्टात गेली, आणि तिच्याबरोबर दोन वाचकही गेले. २५ सप्टेंबर १९६१ ला निकाल लागला. न्या. मुधोळकरांनी लिहिलेल्या त्या निकालात कायदा आणि आदेश दोन्ही घटनाबाह्य ठरले. त्यातला युक्तिवाद म्हणजे वर्तमानपत्राच्या अर्थशास्त्राचा धडाच आहे. जाहिरातीची जागा कमी केली तर किंमत वाढवावी लागेल, किंमत वाढली तर खप घटेल, आणि खप घटवणं म्हणजे लोकांपर्यंत पोचण्याच्या स्वातंत्र्यावरच घाला. बेंजामिन डेचा एक सेंटाचा हिशोब असा आपल्या राज्यघटनेच्या १९ व्या कलमात जाऊन बसला.

निकाल योग्यच वाटतो. सरकारने पानं मोजायची ठरवलं की उद्या ते ओळीही मोजेल. पण एक गोष्ट मनात राहतेच. आयोगाला ज्यांची काळजी होती त्या छोट्या पत्रांचं काय? कोर्टाने सांगितलं की एकाला वाचवायला दुसऱ्याचा आवाज दाबता येणार नाही. बरोबर. मग त्यांना वाचवायचं कसं, हे सांगणं कोर्टाचं काम नव्हतं, आणि इतर कुणी ते केलं नाही.

त्या छोट्यांपैकी एक आमच्या घरात होतं. घरच्यांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. माझे मामा तालुक्याच्या गावी साप्ताहिक चालवत. चार पानं, खिळे जुळवून, ट्रेडलवर छापलेलं. खरी कमाई लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि निवडणुकीच्या हँडबिलांची. पेपर त्याच्या जिवावर. पेपरचं स्वतःचं उत्पन्न म्हणजे कोर्टाच्या जाहीर नोटिसा, सरकारी टेंडरं, पुढाऱ्यांचे वाढदिवस आणि दिवाळी अंक. वर्गणीदार होते, पण वर्गणी मागायची मामांना लाज वाटे. 'आपलेच लोक, देतील की.' आपलेच लोक देत नसत. एकदा तिथल्या एका संस्थेच्या कारभाराबद्दल मामांनी दोन कॉलम लिहिले. त्या वर्षी दिवाळी अंकाची पानभर जाहिरात आली नाही, आणि तिच्या पाठोपाठ आणखी चार गेल्या. कुणी धमकी दिली नाही, कुणी भांडलं नाही. जाहिरात आली नाही, एवढंच. दोन वर्षांत पेपर बंद झाला. छापखाना मात्र लग्नपत्रिकांवर पुढेही चालला.

मामांना कुणी दहा दिवस बसवून वर्गणीचा हिशोब शिकवला असता तर? नक्की सांगता येत नाही. पण पाच जाहिरातदारांऐवजी पाचशे वर्गणीदारांवर उभा असलेला पेपर दोन कॉलमच्या बातमीने पडला नसता, एवढं कळतं.

आणि अमेरिकेत हल्ली जे शिकवतात त्याचं सार हेच आहे. कारण तिथे डेचा हिशोब मोडला. २००५ च्या सुमारास तिथल्या वर्तमानपत्रांना जाहिरातीतून वर्षाला सुमारे ४९ अब्ज डॉलर मिळत. २०२० पर्यंत ते दहा अब्जांच्या खाली आले, आणि त्या वर्षी पहिल्यांदा जाहिरातीपेक्षा वाचकांकडून आलेला पैसा जास्त झाला. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या मेडिल शाळेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २००५ पासून तीन हजारांहून जास्त पत्रं बंद पडली, त्यातली बहुतेक गावोगावची साप्ताहिकं.

मग शाळा निघाल्या. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत जेफ जार्विस ह्यांनी पत्रकारांना उद्योजकता शिकवायला सुरुवात केली, २०१० मध्ये त्यासाठी वेगळं केंद्र झालं. एलियटचा अभ्यासक्रम शंभर वर्षांनी आला म्हणायचा! २०१५ मध्ये डग्लस स्मिथ ह्यांच्या मार्गदर्शनाखाली मायामी, डॅलस, मिनियापोलिस आणि फिलाडेल्फियाच्या दैनिकांसाठी 'टेबल स्टेक्स' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. पत्त्यांच्या टेबलावर बसायला जेवढी रक्कम लागतेच लागते, ती टेबल स्टेक्स. नुसतं व्याख्यान नाही. प्रत्येक पत्राने स्वतःचं एक आव्हान आकड्यांत मांडायचं आणि वर्षभर त्याचा हिशोब द्यायचा. छोट्या स्वतंत्र बातमीपत्रांची 'लायन' ही संघटना २०१२ पासून आहे, तीही हेच शिकवते.

शिकवण्याचा उपयोग होतो का? एक उदाहरण मला आवडलं. शिकागोत 'डीएनएइन्फो' नावाची मोहल्ल्यांच्या बातम्या देणारी साइट होती. मालक अब्जाधीश. नोव्हेंबर २०१७ मध्ये, तिच्या न्यूयॉर्कच्या कचेरीतल्या लोकांनी युनियनच्या बाजूने मत दिल्यावर आठवड्याभरात, मालकाने साइट एका झटक्यात बंद केली. शिकागोतल्या तिच्या काही संपादकांनी लोकांकडे वर्गणी मागितली. तीन हजारांवर लोकांनी मिळून एक लाख ऐंशी हजार डॉलरपेक्षा जास्त दिले, आणि २०१८ मध्ये 'ब्लॉक क्लब शिकागो' ही ना-नफा संस्था उभी राहिली. तेच मोहल्ले, तशाच बातम्या. फक्त आश्रयदात्याच्या जागी वर्गणीदार.

अर्थात सगळं गोड नाही. त्या सिटी युनिव्हर्सिटीच्या शाळेला २०१८ मध्ये क्रेग न्यूमार्क ह्यांनी दोन कोटी डॉलर दिले आणि शाळेला त्यांचं नाव मिळालं. हे तेच 'क्रेगलिस्ट'वाले, ज्यांच्या फुकट छोट्या जाहिरातींनी वर्तमानपत्रांच्या उत्पन्नाचा एक खांब पाडला. छोट्या बातमीपत्रांच्या प्रशिक्षणात गूगलचाही पैसा आहे, आणि दुसरा खांब कुणी पाडला ते सांगायला नको. शिकवणाऱ्याची फी कोण भरतो हे बघितलं की पुन्हा तो आश्रयदाताच दिसतो, फक्त एक पायरी वर सरकलेला.

आणि दुसरी शंका जास्त बोचते. वर्गणीवर चालायला शिकलेलं पत्र वर्गणी देऊ शकणाऱ्यांचंच होऊन जाईल का? बहिष्कृत भारताच्या वाचकाला ह्या शाळेत जागा आहे का? बुंदेलखंडात २००२ पासून 'खबर लहरिया' चालवणाऱ्या बायका मुख्यतः दलित आणि बहुजन समाजातल्या, वाचकही तिथलेच. छापील पत्रापासून मोबाईलवरच्या व्हिडिओपर्यंत त्या आल्या, पण देणग्या आणि अनुदानाचा आधार लागलाच. त्याला मी अपयश म्हणणार नाही. पण वर्गणीचं सूत्र सगळीकडे पुरत नाही हे त्यावरून दिसतं.

तरीही मी शिकवण्याच्याच बाजूचा झालोय. पुलित्झरची भिंत आणि आपलं व्रत, दोन्हींनी पैशाचा विषय अदृश्य केला. आणि जो विषय अदृश्य असतो त्यावर ज्याच्या हातात तो आहे त्याचंच राज्य चालतं. मामांना जाहिरात गेल्यावर कळलं की आपण कुणाच्या जिवावर लिहीत होतो. हे आधी कळायला हवं, आणि कळण्यासाठी खतावणी उघडून बघायला लाज वाटता कामा नये.

सहज एक गणित करून पाहिलं. तालुक्यातल्या हजार घरांनी महिन्याला पन्नास रुपये दिले तर वर्षाचे सहा लाख होतात. त्यात फार मोठं काही उभं राहत नाही. पण ग्रामसभेला, पंचायत समितीच्या बैठकीला आणि बाजार समितीत नियमाने जाऊन बसणारा एक माणूस त्यात ठेवता येईल, थोडा छपाईचा नाहीतर मोबाईलचा खर्चही निघेल. आपण इथे फुकट लिहितो, फुकट वाचतो, कारण आपलं पोट दुसरीकडे भरतं. बाळशास्त्रींचंही भरत होतं. त्या बाजार समितीत बसणाऱ्या माणसाचं मात्र दुसरीकडे भरणार नाही. ती हजार घरं कशी जमवायची, हे त्याला कोण शिकवणार? तुमच्या गावी असं कुणी चालवत असेल, वर्गणी घेऊन, बऱ्यापैकी तग धरून, तर जरूर कळवा. मला त्यांची वर्गणीची वही बघायची आहे.